स्त्रीवादाचे प्रवाह वाचताना काळाराम आणि चांदवड कुठे बसवायचे?

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आमचा एक छोटा अभ्यासगट आहे. सेट-नेटची (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षांची) तयारी करणारी मुलंमुली, निवृत्त शिक्षिका, कोर्टात प्रॅक्टिस करणारी एक मैत्रीण आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत युनियनचं काम केलेले एक काका असे आम्ही रविवारी भेटतो. सध्या स्त्रीवादी राजकीय विचार वाचायला घेतला आहे. वाचताना एक गोष्ट फार खटकत गेली, म्हणून हा धागा. लांबलाय, सवडीने वाचा.

कुठलंही गाईड उघडा. उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल, समाजवादी, कृष्णवर्णीय, उत्तर-आधुनिक अशी रांग लागते आणि शेवटी 'भारतीय संदर्भ' म्हणून दोन परिच्छेद. त्यात सावित्रीबाई, ताराबाई शिंदे आणि मथुरा बलात्कार प्रकरण उरकलेलं असतं. विचार तिकडचा आणि उदाहरणं तेवढी आपली! मला हे मान्य नाही. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांनी केलेला १९३० चा काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह आणि शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं १९८६ चं चांदवडचं शेतकरी महिला अधिवेशन या दोन्ही आपल्या जिल्ह्यातल्या घटना. दोन्हींच्या मागे बाईच्या गुलामीबद्दलचा स्वतंत्र सिद्धांत उभा आहे. तो बाकीच्या प्रवाहांच्या शेजारी मांडला की तुलनेचं चित्रच बदलतं.

मी प्रत्येक प्रवाहाला एकच प्रश्न विचारते. बाईच्या दुय्यमपणाचं मूळ तुम्हाला कुठे दिसतं, आणि म्हणून आधी कशाला हात घालता?

उदारमतवाद्यांचं उत्तर सरळ आहे. बाई पुरुषाइतकीच विवेकी माणूस आहे, कायद्याने आणि रूढीने तिची वाट अडवली आहे, ती मोकळी करा. मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये मुख्यतः शिक्षणासाठी हे मांडलं, जॉन स्टुअर्ट मिलने १८६९ मध्ये लग्न आणि मताधिकारासाठी. आजकाल या प्रवाहाला नाक मुरडायची पद्धत पडली आहे, ती मला अजिबात पटत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः हिस्सा मिळाला तो याच वाटेने. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा दुरुस्त केला, केंद्राने २००५ मध्ये, आणि वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्कं केलं.

हा प्रवाह कुठे येऊन थांबतो तेही आपल्याकडेच दिसतं. बाप वारला की वारसनोंद होते, सातबाऱ्यावर बहिणींची नावं चढतात आणि लगेच हक्कसोडपत्राची, म्हणजे बहिणींनी आपला हिस्सा सोडल्याच्या कागदाची, तयारी सुरू होते. बहिणी माहेरी येतात, भाऊ गाडी करून त्यांना रजिस्ट्रार ऑफिसात नेतो, फोटो आणि अंगठा होतो, परतताना साडीचोळी घेतली जाते. माझ्या आत्यांनी अशीच सही केली. माहेर तुटू नये म्हणून केली, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं. कायद्याच्या नजरेत ती सज्ञान बाईने राजीखुशीने केलेली सही आहे. तिच्यावर जबरदस्ती झाल्याचा एकही पुरावा सापडणार नाही.

मार्क्सवादी प्रवाह या सहीच्या बराच जवळ जातो. एंगल्सने १८८४ मध्ये मांडलं की खाजगी मालमत्ता आली, ती आपल्याच औरस मुलाकडे जावी म्हणून बाईवर पहारा बसला. उपाय काय, तर मालमत्तेची व्यवस्था बदला आणि बाईला घराबाहेरच्या उत्पादनात आणा. यावर आमच्या गटातल्या दिंडोरीच्या ताईंनी विचारलं, "द्राक्षबागेतली बाई उत्पादनातच आहे की!" डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या दिवसांत ती सकाळपासून मांडवाखाली हात वर करून उभी असते. मगमध्ये जीए या वाढीच्या औषधाचं पाणी, त्यात एकेक घड बुडवायचा, पाणी कोपरापर्यंत ओघळतं. घडातले मणी विरळ करणं तिचं, फेलफूट (जादा फुटवे) काढणं तिचं. तरी गड्याचा रोज जास्त, तिचा कमी, आणि संध्याकाळी चूल तिचीच. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला होता! हायडी हार्टमनने १९७९ च्या सुमारास मार्क्सवाद्यांना हेच विचारलं होतं. भांडवलाला बाईची मजुरी स्वस्त हवी हे कळलं, पण तिच्या घरकामाचा फायदा मजूर नवऱ्यालाही होतो, त्याचं तुम्ही काय करणार?

जहाल प्रवाहाचं उत्तर असं की मूळ पुरुषसत्तेतच आहे आणि ती सत्ता आधी शरीरावर चालते, घरात चालते. केट मिलेट आणि शुलामिथ फायरस्टोन, दोघींची पुस्तकं १९७० ची. बायकांना एका साच्यात घालण्याचा त्यांचा दोष मोठा आहे. पण खाजगी आयुष्यातही राजकारण असतं हे त्यांनी इतक्या ठणकावून सांगितलं नसतं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधल्या अपवादाबद्दल आपल्याला बोलताच आलं नसतं. पत्नी अठरा वर्षांची झाली की नवऱ्याने केलेली जबरदस्ती आजही त्या कलमाखाली बलात्कार ठरत नाही.

आता बाबासाहेब. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी म्हटलं की जात टिकते ती जातीतच लग्न लावण्यामुळे. त्यासाठी जातीतल्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेल्यावर उरलेली बाई जातीबाहेर जाऊ नये म्हणून सती आणि सक्तीचं वैधव्य. बायको मेलेल्या पुरुषाला जातीतच बायको मिळावी म्हणून लहान मुलीशी लग्न. जातीचं सगळं यंत्र बाईच्या शरीरावरच्या ताब्यावर चालतं, हा या निबंधाचा गाभा आहे. मिलेटच्या ५४ वर्षं आधी! हा सिद्धांत नाही तर काय आहे? याला दलित स्त्रीवादाची 'पार्श्वभूमी' म्हणून का उरकायचं?

आणि चांदवड. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६. शेतकरी संघटनेच्या त्या अधिवेशनाला खेड्यापाड्यांतून लाखांच्या संख्येने बायका आल्या. शरद जोशींनी तिथे मांडलेला विचार एंगल्सच्याही विरोधात जातो आणि जहाल गटाच्याही. शेतीत वरकड उत्पन्न निघायला लागलं, ते लुटणाऱ्या टोळ्या आल्या, लढणाऱ्या पुरुषाचं मोल वाढलं आणि बाई राखायची वस्तू झाली. म्हणजे मूळ लुटीत आहे, आणि त्या लुटीच्या काळाने पुरुषालाही घडवलं-बिघडवलं आहे. पुढे यातूनच लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला, नवऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा.

माझं मत असं की प्रवाहांची यादी करताना या दोघांना शेपटाकडे न ठेवता मुख्य रांगेत घ्यावं. तुम्हाला काय वाटतं?

कसमादे

ताई, टिपण मनापासून आवडलं. आमच्या देवळ्याकडून चांदवडला ट्रक भरभरून गेले होते, त्यात माझी आई होती. भाकरी बांधून गेली, दोन दिवसांनी आली. घरी आल्यावर पहिल्यांदा तिने वडिलांना विचारलं, कांद्याची पट्टी (विक्रीची पावती) कितीची आली. तोपर्यंत पट्टी वडिलांच्या बंडीच्या खिशात असायची, तिला फक्त गोणी भरायला किती बायका लागल्या एवढं माहीत असायचं. चांदवडने तिला हिशोब विचारायचं बळ दिलं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण तुम्ही लिहिताना एक बाजू सोडली. चांदवडचा विचार शेवटी शेतमालाच्या भावापाशी येतो. घामाला दाम मिळाला की घरात पैसा येईल, पैसा आला की बाईची ओढाताण कमी होईल, असा धागा त्यात आहे. भाव चांगला मिळाला त्या वर्षी आमच्या घरात ट्रॅक्टर आला. आईच्या हातात काय आलं? पैसा घराच्या दारापर्यंत येतो आणि दाराच्या आत त्याची वाटणी कोण करतं, हा प्रश्न समाजवादी स्त्रीवाद्यांनी जास्त नीट विचारलाय.

दुसरं, ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झालं. बाजूने १८६, विरोधात १. ते एक मत शरद जोशींचं. चांदवडला बायकांना निवडणुकीत उतरा म्हणून सांगणाऱ्या माणसाने असं का करावं? हे धाग्यात यायला पाहिजे.

गोदाकाठची (धागाकर्ती)

कसमादे, त्या मताबद्दल बरं झालं लिहिलंत, कारण तुलनेला ते फार उपयोगी आहे. त्यांचा आक्षेप सोडतीने फिरणाऱ्या राखीव मतदारसंघांवर होता. दरवेळी जागा बदलणार असेल तर निवडून आलेली बाई मतदारसंघ बांधणार कशाला, असं त्यांचं म्हणणं. बाईने स्वतःच्या ताकदीवर, संघटना बांधून सत्ता घ्यावी ही त्यांची भूमिका चांदवडपासून तीच राहिली. त्याच विचाराने १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यात विटनेरला संपूर्ण महिलांचं पॅनेल ग्रामपंचायतीत निवडून आलं, आरक्षण नसताना.

तरी मी आरक्षणाच्या बाजूची आहे. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत निम्म्या जागा राखीव केल्यानंतर ज्या संख्येने बायका ग्रामपंचायतीत आल्या, तेवढ्या संघटनेच्या बळावर आल्या नसत्या. एक विटनेर होतं, बाकीच्या हजारो गावांचं काय?

सेटची तयारी

ताई, अगदी बाळबोध प्रश्न आहे. मार्क्सवादी आणि समाजवादी स्त्रीवाद यात नेमका फरक काय लिहायचा? दोन्हीकडे भांडवलशाही आणि श्रम हेच शब्द येतात. जानेवारीपासून गोंधळ आहे.

पाथर्डी फाटा

@सेटची तयारी, असं लक्षात ठेव. मार्क्सवादी स्त्रीवाद एक व्यवस्था मानतो, भांडवलशाही, आणि पुरुषसत्ता तिच्या पोटात आहे असं धरतो. समाजवादी स्त्रीवाद दोन व्यवस्था मानतो, ज्या एकमेकींना धरून असतात पण एक गेली म्हणून दुसरी आपोआप जात नाही. म्हणून त्यांना कारखानाही बघावा लागतो आणि स्वयंपाकघरही. नावं हवी असतील तर ज्युलिएट मिचेल, झिला आयझेनस्टाईन, हायडी हार्टमन. ॲलिसन जॅगरचं १९८३ चं पुस्तक नेमकी हीच चौकट घेऊन चार प्रवाहांची तुलना करतं, बहुतेक गाईडांतली वर्गवारी तिथूनच उचललेली दिसते. धागाकर्तीच्या तक्रारीचं मूळही तिथेच आहे. ती वर्गवारी अमेरिकेतल्या चळवळीसमोर ठेवून केलेली आहे.

नवी पालवी

धागाकर्तीचा मुख्य मुद्दा पटला. पण काळाराम आणि चांदवड एका दमात घेतलेत ते मला मान्य नाही, आणि का ते सविस्तर लिहिते.

काळारामचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. त्यात बायका होत्या, पहिल्या दिवसापासून होत्या. हे देवासाठी नव्हतं, माणूस म्हणून सार्वजनिक जागेवर हक्क सांगण्यासाठी होतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा हा सगळा अनुभव त्यामागे होता. याच चळवळीतून नाशिकच्या शांताबाई दाणी घडल्या. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, मग रिपब्लिकन पक्ष, विधान परिषदेचं सदस्यत्व. या शहरातल्या किती मुलींना त्यांचं नाव माहीत आहे? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेऊन इतिहास लिहिला तेव्हा कुठे कळलं की आपल्या आज्या नुसत्या मोर्च्यात चालणाऱ्या नव्हत्या, सभा घेणाऱ्या होत्या.

आता चांदवड. लक्ष्मीमुक्तीत नवरा बायकोच्या नावावर जमीन करतो. ज्या नवऱ्याकडे सातबाराच नाही त्याच्या बायकोने काय करायचं? बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. त्यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, त्यात आमच्या बायका लेकरं काखेत घेऊन तुरुंगात गेल्या. मागणी होती पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनांना द्या. तो जमिनीचा प्रश्न आणि चांदवडचा जमिनीचा प्रश्न वेगळा आहे. कांदा लावायला, द्राक्ष विरळायला जी बाई जाते ती ज्या शेतकरीण बाईच्या बांधावर उभी असते, त्या दोघींना 'शेतकरी महिला' या एका नावाखाली आणलं की मजुरीचा वाद दिसेनासा होतो.

अभ्यासक गोपाळ गुरूंनी १९९५ मध्ये आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये हेच मांडलं. दलित स्त्रीचं बोलणं वेगळं आहे, कारण ती जिथे उभी आहे तिथून जात, वर्ग आणि पुरुषसत्ता एकदम दिसतात. रेगेंचं पुढचं म्हणणंही महत्त्वाचं आहे. सवर्ण बायकांनी 'तुमचं तुम्ही बोला' म्हणून बाजूला व्हायचं नाही. दलित स्त्रीच्या वतीने बोलायचं नाही, पण तिच्या जागेवरून जग कसं दिसतं ते शिकून स्वतःचा स्त्रीवाद बदलायचा. धागाकर्तीकडून माझी तीच अपेक्षा आहे.

पंचवटी ७

मला वेगळं वाटतं, रागावू नका. इतके तुकडे पाडले तर बायका एकत्र येणार कधी? २०१६ मध्ये त्र्यंबकेश्वरच्या गर्भगृहात बायकांना जाऊ द्या म्हणून आंदोलन झालं. तेव्हा जातीचा प्रश्न नव्हता, बाई म्हणून बाईचा प्रश्न होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी स्पष्ट सांगितलं की पुरुषाला जिथे प्रवेश आहे तिथे बाईला नाकारता येणार नाही. एवढं साधं तत्त्व आहे. बाई म्हणून एक व्हा, बाकी नंतर.

नवी पालवी

पंचवटी ७, रागावण्यासारखं काही नाही, पण २०१६ च्या मागणीत जात नव्हती असं तुम्हाला वाटतं कारण तोपर्यंत तिथवर पोचायचा रस्ता १९३० च्या लोकांनी डोकी फोडून घेऊन मोकळा केला होता. त्या वर्षी रामनवमीला काळारामाच्या रथावरून दगडफेक झाली. सत्याग्रही बायकांना तेव्हा मंदिराबाहेर ठेवणाऱ्यांत सवर्ण बायकाही होत्याच ना घरोघरी? 'बाकी नंतर' हे आम्ही खूप वेळा ऐकलंय.

सातपूर कॉलनी

'बाई म्हणून एक व्हा' यावर एक खटला सांगतो, युनियनच्या शिबिरात आम्हाला शिकवला होता. अमेरिकेत जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय बायका कोर्टात गेल्या, निकाल १९७६ चा. कंपनीने १९६४ च्या आधी कृष्णवर्णीय बायकांना कामावर घेतलंच नव्हतं, नंतर घेतल्या त्या मंदी आल्यावर ज्येष्ठतेच्या नियमाने आधी बाहेर. कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका आहेत, म्हणजे लिंगभेद नाही. त्या बायका गोऱ्या होत्या आणि ऑफिसात होत्या. वंशभेदाचं वेगळं बघू, पण दोन्ही एकत्र करून नवीन तक्रार आणता येणार नाही. किंबर्ली क्रेनशॉने १९८९ मध्ये आंतरछेदिततेचा, म्हणजे वंश, लिंग असे भेद एकमेकांत गुंतून येतात हा, विचार मांडला तो या निकालाची चिरफाड करून. १९७७ मध्ये कॉम्बाही रिव्हर गटाच्या कृष्णवर्णीय बायकांनी त्यांच्या जाहीरनाम्यात ते आधीच म्हटलं होतं.

आमच्या एमआयडीसीत बघा. पर्मनंट यादीत पुरुष, ऑफिसात शिकलेल्या मुली, आणि पॅकिंगला कंत्राटी बायका. मी जिथे होतो तिथे करार झाला की पर्मनंटला पगारवाढ, कंत्राटी बाई त्या करारात नाहीच. युनियन म्हणायची ती आमची सभासद नाही. ऑफिसातल्या महिला समितीला ती आपली वाटायची नाही. या बाईचा प्रश्न कुठल्या खात्यात टाकायचा? पंचवटी ७, म्हणून नुसतं 'बाई' म्हणून भागत नाही.

रात्रपाळीचंही असंच. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम ६६ बायकांना रात्री कामावर ठेवायला मनाई करायचं. उदारमतवादी म्हणतील ही बंदी म्हणजे भेदभाव, तिला ठरवू द्या. आमच्यातल्या जुन्या लोकांना वाटायचं ते संरक्षण आहे, सोडू नये. बंदी सैल करताना घरपोच गाडी, पाळणाघर, सुरक्षारक्षक या अटी घालतात. अटी कागदावर आणि शिफ्ट खरीखुरी असं झालं तर स्वातंत्र्य कोणाला मिळालं, मालकालाच ना?

वकिली वही

कायद्याची थोडी भर घालते. १९९४ च्या महाराष्ट्र दुरुस्तीत २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची अट गेली. त्यामुळे आत्यांच्या पिढीतल्या पुष्कळ बायकांना आपला हक्क पहिल्यांदा कळतो तो हक्कसोडवर सही मागायला कोणी आलं की.

आणि उदारमतवादावर थोडा अन्याय होतोय. मिलने १८६९ मध्येच लिहून ठेवलंय की पुरुषांना बाईकडून नुसतं आज्ञापालन नको असतं, तिने मनापासून मान्य केलेली गुलामी हवी असते, आणि सगळं संगोपन त्यासाठीच केलं जातं. माहेर तुटू नये म्हणून केलेल्या सहीचं यापेक्षा अचूक वर्णन मला माहीत नाही. मात्र एवढं दिसूनही मिल उपाय सांगताना कायद्यावरच थांबतो. लग्न झालेली बाई सहसा घरच सांभाळेल असं तो गृहीत धरतो, तिथे त्याचं घोडं अडतं.

मथुरा प्रकरणाबद्दल 'उरकलेलं' लिहिलंय म्हणून सांगते. १९७२ मध्ये पोलिस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून पोलिस निर्दोष, कारण अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. यात शरीराचा प्रश्न जहाल आहे, हत्यार उदारमतवादी आहे, आणि ती आदिवासी, गरीब होती म्हणून कोर्टाला तिची 'संमती' इतकी सहज दिसली हा तिसरा प्रश्न. प्रत्यक्ष लढ्यात प्रवाह असे वेगवेगळे राहत नाहीत.

सुरगाण्याची

आमच्या भागाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून मुंबईला लाँग मार्च निघाला, १२ तारखेला आझाद मैदानात पोचला. बायकांच्या फाटलेल्या तळपायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले, पण त्या कशासाठी चालत होत्या ते थोड्यांनी विचारलं. कसत असलेल्या वनजमिनीचा दावा मंजूर करा, ही मोठी मागणी होती. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवराबायको दोघांच्या नावे द्यायचा असं लिहिलंय. हक्कसोड नाही, लक्ष्मीमुक्ती नाही, पहिल्याच कागदावर दोन नावं!

पर्यावरणवादी स्त्रीवाद वाचताना मला एक अडचण येते. या प्रवाहातल्या वंदना शिवांच्या मांडणीत बाई आणि निसर्ग यांचं नातं जणू जन्माचं आहे. माझी आई मोळी आणायला जंगलात जायची ती नात्यापायी नाही, गॅस नव्हता म्हणून. अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी १९९२ मध्ये हाच आक्षेप घेतला की हे नातं कामाच्या वाटणीतून आणि जमीन कोणाच्या नावे आहे यातून येतं. १९९४ च्या ग्रंथात त्यांनी बाईच्या नावे स्वतःची जमीन असणं हा पायाच मानला. धागाकर्तीच्या यादीत त्यांना घ्या. चांदवड आणि वनपट्टा या दोन्हीला जोडणारा विचार तो आहे.

मेनरोडवरून

लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये कुठल्या प्रवाहात? घरकामाला वेतन द्या म्हणणारा प्रवाहही होता ना?

पाथर्डी फाटा

होता. १९७२ पासून युरोप-अमेरिकेत घरकामाला वेतन ही मोहीम चालली, सिल्विया फेडेरिची त्यातलीच. त्यांचं म्हणणं, घरकाम हे काम आहे हे एकदा पैशाने मान्य करायला लावलं की बाईला ते नाकारताही येईल. जुलै २०२४ पासूनचे १५०० रुपये कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मिळतात. म्हणजे निकष गरिबीचा आहे, कामाचा नाही. घरकामाचं मोल मान्य करण्याच्या जास्त जवळ गेला तो सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२१ चा निकाल, अपघातात मेलेल्या गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई ठरवणारा. दुःख एवढंच की त्यासाठी तिला मरावं लागलं. तरी माझ्या गल्लीतल्या बायकांनी त्या १५०० मधून आधी स्वतःची औषधं आणली, हे मी कमी लेखणार नाही.

गोदाकाठची (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. नवी पालवी, तुमचा प्रतिसाद मी गटात छापून वाटणार आहे. काळाराम आणि चांदवड एकाच रांगेत घेण्यावर मी अजून ठाम आहे, पण त्या रांगेत त्यांचं एकमेकांशी भांडण आहे हे स्पष्ट लिहायला हवं. दादासाहेबांचा भूमिहीन सत्याग्रह मध्ये घातला की ते भांडण नीट दिसतं. १९६४ मध्ये प्रश्न होता जमीन कोणत्या जातीकडे, १९८६ मध्ये प्रश्न होता घरात कोणाकडे, २०१८ मध्ये सुरगाण्याच्या बायकांनी दोन्ही एकदम विचारले. पुढच्या रविवारी दाणींचं आत्मचरित्र आणि बीना अग्रवाल शेजारी ठेवून वाचतोय. ज्यांना यायचं असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नवी पालवी

येईन. एक विनंती, त्या दिवशी २०२३ चा महिला आरक्षण कायदाही चर्चेला घ्या. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना आतला वाटा आहे, ओबीसी बायकांना नाही, आणि सगळंच जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेवर टांगलेलं आहे. 'बाकी नंतर' या विषयावर पंचवटी ७ यांच्याशी समोरासमोर बोलायला मला आवडेल.

पंचवटी ७

मी येतोय. बहिणीलाही आणतो, तिच्याकडे सध्या हक्कसोडचा कागद आलाय आणि तिला वकिली वही यांच्याशी बोलायचंय.

वकिली वही

तिला सांगा, तोपर्यंत सही करू नको. सातबारा, फेरफार आणि वारसनोंदीचा उतारा घेऊन ये.